बंद लिफाफ्यातले गृहस्थ

वर्षातून एकदा बोलायचे, तेही दोन-चार ओळींत, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्या कानावर शक्यतो पडू द्यायचे नाही, अशा शिस्तीचे एक गृहस्थ सरकारी कचेऱ्यांत पिढ्यानपिढ्या मुक्काम ठोकून आहेत. शासन निर्णयांत त्यांचे नाव गोपनीय अहवाल. या पूर्ण नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांचे ते ‘सीआर’. ‘यंदा माझा सीआर कोणाकडे?’, ‘त्या साहेबाने माझा सीआर घालवला’, ‘तोंड आवर, सीआर व्हायचाय अजून’, अशी वाक्ये ज्या इमारतीत कानावर पडत नाहीत ती इमारत सरकारी नव्हे.

अंगकाठी बेताची, चार-सहा पानांची. जुन्या काळी सायक्लोस्टाईल केलेला नमुना असायचा, रेघा वाकड्या, शाई फुटलेली. अंगावर तपकिरी लिफाफा, त्यावर तांबड्या शाईत ‘गोपनीय’, तोंडाला लाख. बिऱ्हाड आस्थापना शाखेतल्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. किल्ली एकाच माणसाकडे. तो बहुधा वरिष्ठ लिपिक, पगाराने बेताचा, पण कॅन्टीनमध्ये त्याच्या चहाचे पैसे त्याला सहसा द्यावे लागत नाहीत. तो काही सांगत नसतो. विचारले तर ‘मी कुठे वाचतो?’ म्हणतो. मात्र पदोन्नतीच्या हंगामात तो तुमच्याशी नेहमीपेक्षा मवाळ बोलू लागला, चहा त्यानेच मागवला, तर समजावे की कपाटात काहीतरी बिनसले आहे.

गृहस्थांचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. अनुदान परत जाऊ नये म्हणून सगळी कचेरी रात्री दहापर्यंत दिवे जाळत बसते, नेमके त्याच आठवड्यात यांचे दिवस भरत आलेले असतात. पुढचा रिवाज ठरलेला. आधी कर्मचाऱ्याने स्वतःविषयी लिहायचे. या भागात महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत व समाधानकारकरीत्या पूर्ण केली’ असे लिहितो. पूर आला, साथ आली, तरी या वाक्याला धक्का लागत नाही. मग लगतचा साहेब, म्हणजे प्रतिवेदन अधिकारी. त्याने निदान तीन महिने त्या माणसाचे काम पाहिलेले असावे लागते. त्याच्यावर पुनर्विलोकन अधिकारी, आणि भारतीय प्रशासन सेवेतली मंडळी असतील तर त्याही वर स्वीकृती देणारा तिसरा. एकाने लिहावे, दुसऱ्याने पारखावे, अशी मूळ कल्पना. दुसऱ्याच्या टेबलावर लिफाफ्यांचा ढीग असतो, तो ‘सहमत’ एवढे लिहून मोकळा होतो.

पोटात रकाने. उद्योगशीलता, निर्णयशक्ती, हाताखालच्या माणसांकडून काम करून घेण्याची हातोटी, जनतेशी वागणूक, प्रकृतिमान, सचोटी. केंद्र सरकारच्या हल्लीच्या नमुन्यात तर सुमारे शंभर शब्दांची एक खास जागा राखलेली आहे. तिथे साहेबाने त्या माणसाचे शब्दचित्र काढायचे: बलस्थाने, उणिवा, लक्षणीय यश, लक्षणीय अपयश आणि दुर्बल घटकांविषयीचा दृष्टिकोन, सगळे त्या शंभरात. मासिकांचे संपादक याहून पुष्कळ जास्त जागा देतात आणि तरी आमची दमछाक होते.

गृहस्थांच्या तोंडी शिवी नसते. उघड निंदा त्यांना परवडत नाही. प्रतिकूल शेरा मारला की तो त्या माणसाला कळवावा लागतो, त्याचे निवेदन घ्यावे लागते, मग आधी समज दिली होती का, लेखी मेमो होता का, पुरावा काय, अशी विचारपूस सुरू होते. एवढा उपद्व्याप कोण करतो? त्यापेक्षा कोमट स्तुती बरी. ‘नेमून दिलेले काम करतो.’ ‘मार्गदर्शन केल्यास चांगले काम करू शकेल.’ ‘नियमांवर बोट ठेवतो.’ या तिन्ही वाक्यांत कायद्याला आक्षेप घ्यावा असे काही नाही आणि तिन्ही वाक्ये माणसाला जागच्या जागी बसवून ठेवायला पुरेशी आहेत. महाराष्ट्रात प्रतवारीची उतरंड अशी: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला, साधारण आणि त्याखाली जे काय ते. निश्चित चांगला आणि नुसता चांगला यांत अंतर किती, हे भाषेच्या प्राध्यापकाला विचारू नये. सेवाज्येष्ठता यादीत ज्याच्या डोक्यावरून दोघे-तिघे पुढे गेले त्याला विचारावे.

हे झाले लिहिण्याविषयी. खरा दरारा आहे तो अजून न लिहिलेल्या अहवालाचा. एक अहवाल लिहायला साहेबाला फार तर अर्धा तास लागत असेल; त्या अर्ध्या तासाच्या जोरावर तो उरलेले वर्ष काढतो. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या दोन समाजमानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली माणसाची माणसावर चालणारी सत्ता कुठून येते याची पाच उगमस्थाने सांगितली: पद, बक्षीस, शिक्षा, जाणकारी आणि त्या माणसाविषयी मनात असलेला आदर. सीआर लिहिण्याचा अधिकार मिळाला की पहिली तीन आयती पदरात पडतात. उरलेली दोन कमवावी लागतात. आणि मी जे पाहत आलो त्यावरून सांगतो, पहिल्या तिघांवर भागत असेल तर उरलेल्या दोघांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. साहेबाला वाटते आपण नेतृत्व करतो आहोत. बैठकीत त्यांच्या विनोदावर लोक हसतात, त्यांच्या मुलीच्या लग्नात वाढपी कमी पडत नाहीत, त्यांनी सुचवलेल्या योजनेला कोणी ‘पण’ म्हणत नाही. यातले स्वतःचे किती आणि लिफाफ्याचे किती, हा हिशेब बदली झाल्यावर आठ दिवसांत होतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शाखा अभियंता राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. नव्वदच्या दशकात ते एका तालुक्याच्या गावी होते. मार्चचा शेवट. एका रस्त्याचे काम चालू होते, खडीचे थर झाले होते, वरचा डांबराचा थर दीड किलोमीटरभर राहिला होता. ठेकेदाराचे डांबर आले नव्हते. ३१ तारखेच्या आत बिल निघाले नाही तर अनुदान परत जाणार. बिलासाठी मोजमाप पुस्तकात, एम.बी.त, नोंद हवी.

या एम.बी.विषयी थोडे सांगायला हवे. बांधकाम खात्यात एवढे सोवळे दुसऱ्या कशाचे नाही. पाने छापील क्रमांकाची, एकही फाडता येत नाही. नोंद शाईने, जागेवर मोजून, मोजणाऱ्याच्या सहीने आणि त्या दिवसाच्या तारखेने. चुकले तर खोडरबर चालत नाही. आडवी रेघ मारून, बाजूला सही करून पुन्हा लिहायचे. सरकारचा पैसा बाहेर पडतो तो या पुस्तकातल्या आकड्यावर, आणि तो आकडा लिहितो खात्यातला सगळ्यांत खालचा अभियंता.

उपअभियंता साहेब जीपने साइटवर आले. अण्णा सांगतात, साहेबांनी आवाज चढवला नाही. मुलांची चौकशी केली, बाभळीखाली उभ्याउभ्या चहा घेतला. मग म्हणाले, ‘‘काम तर होणारच आहे हो. अनुदान गेलं तर गावाचंच नुकसान ना?’’ अण्णा म्हणाले, ‘‘साहेब, थर पडला की त्याच संध्याकाळी एम.बी. लिहून घरी आणून देतो.’’ साहेब म्हणाले, ‘‘बघा, जमेल तसं.’’ जीपमध्ये बसता बसता पुन्हा वळून म्हणाले, ‘‘आणि ते सीआर-बिआरचं टेन्शन घेऊ नका. तुमचं काम चांगलंच आहे.’’

अण्णांनी सीआरचा विषय काढलाच नव्हता.

यात आदेश कुठे आहे? धमकी कुठे आहे? उद्या कोणी चौकशी लावली तर साहेबांनी हाताखालच्या माणसाला धीरच दिला, असेच निघेल. कचेरीतला दबाव बहुतेक वेळा असाच वावरतो. काय करायचे ते वरचा सांगत नाही, खालचा ओळखतो, आणि कागदावर सही असते ओळखणाऱ्याची. साहेबांचे म्हणणे अगदीच खोटे होते असेही नाही. अण्णांनी नोंद केली नाही, अनुदान परत गेले, नवीन तरतूद होऊन थर पडेपर्यंत त्या गावाने एक अख्खा पावसाळा खडीवरून सायकली ढकलल्या. हे अण्णा स्वतःच सांगतात, कोणी विचारायच्या आधी.

त्या वर्षी पदोन्नतीच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. का, ते कळले नाही. कळण्याची सोयच नव्हती. निवृत्तीनंतर माहितीच्या अधिकारात त्यांनी आपले जुने अहवाल मागवले. १० रुपयांचा अर्ज, पानाला २ रुपये. झेरॉक्स घेऊन ते आमच्याकडे आले होते तेव्हा मी ते पान पाहिले. टपोरे, वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. ‘स्वतःच्या मतावर ठाम. वरिष्ठांच्या सूचना समजून घेण्यास वेळ लागतो.’ प्रतवारी: चांगला. आधीच्या वर्षांत ते निश्चित चांगले होते. अण्णा कागद माझ्याकडून घेत म्हणाले, ‘‘अक्षर बघा काय सुंदर आहे साहेबांचं.’’

पण मला त्या पानावरचा दुसराच एक रकाना जास्त विचित्र वाटला. ‘सचोटी’ या शब्दापुढे त्याच सुंदर अक्षरात साहेबांनी लिहिले होते: निर्विवाद.

साहेबांना तिथे काही खोटे लिहायचे नव्हते. त्यांच्या दृष्टीने सचोटी म्हणजे पैसे न खाणे, आणि अण्णा पैसे खात नव्हते. न झालेल्या कामाची नोंद करायला नकार देणे हा प्रकार त्यांच्या लेखी सचोटीच्या रकान्यात येतच नव्हता, तो ‘वरिष्ठांच्या सूचना’ या सदरात मोडत होता. एकाच पानावर एकाच गुणासाठी माणसाला शाबासकी आणि शिक्षा दोन्ही मिळाल्या आणि लिहिणाऱ्याला, पारखणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटले नाही.

या रकान्याची रीतच वेगळी आहे. केंद्राच्या जुन्या सूचना अशा, की सचोटीबद्दल शंका असेल तर तिथे काहीबाही लिहायचे नाही. रकाना कोरा सोडायचा, शंका वेगळ्या गुप्त टिपणीत नोंदवायची आणि तिचा छडा लावायचा. शंका फिटली तर मग निर्विवाद लिहायचे. कल्पना न्याय्य आहे: नुसत्या वावड्यांवर कोणाच्या कपाळावर डाग पडू नये. प्रत्यक्षात कोरा रकाना हीच या गृहस्थांच्या भांडारातली सर्वांत जहरी गोष्ट ठरली. कोरे सोडले की टिपणी लिहायची, टिपणी लिहिली की पाठपुरावा करायचा, त्यात उलट आपल्याच अंगावर काही आले तर? म्हणून बहुतेक साहेब डोळे मिटून ‘निर्विवाद’ लिहितात. ज्यांच्याविषयी बाहेरच्या टपरीवरचा पानवालासुद्धा दर सांगू शकतो, त्यांचीही सचोटी कपाटात निर्विवाद असते.

‘चांगला’ या शब्दाने घायाळ झालेले अण्णा एकटे नव्हेत. सीमा रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांचीही तीच गत झाली. अधीक्षक अभियंता व्हायचे तर लगतच्या पाच वर्षांत ‘खूप चांगला’ ही प्रतवारी हवी होती. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ एवढेच होते. त्यांना ते कोणी कळवले नाही, त्यांचे कनिष्ठ पुढे गेले. सरकारची बाजू बिनतोड वाटावी अशी: चांगला म्हणजे वाईट नव्हे, आणि कळवायचे असते ते फक्त वाईट. गुवाहाटी उच्च न्यायालयात ते हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ मे २००८ रोजी न्यायमूर्ती एच. के. सेमा आणि मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने निकाल दिला. त्याचा रोख असा, की शेऱ्याचे नाव काय आहे याला महत्त्व नाही, तो माणसाचे काय करतो याला आहे. पदोन्नती अडवणारा ‘चांगला’ हा परिणामाने प्रतिकूलच. म्हणून लष्करी अधिकारी सोडले तर प्रत्येक सरकारी सेवकाला त्याचा प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, तो अत्युत्कृष्ट असला तरी. देव दत्त तोवर निवृत्त झालेले होते. त्यांना तो शेरा आता कळवा, निवेदन घ्या, शेरा सुधारला तर पूर्वलक्षी पदोन्नतीचा विचार करा आणि थकबाकी ८ टक्के व्याजाने द्या, असा आदेश झाला.

दुसऱ्याच वर्षी, १४ मे २००९ ला, केंद्राने परिपत्रक काढून अख्खा अहवाल संबंधिताला दाखवण्याचे ठरवले आणि गृहस्थांच्या नावातला ‘गोपनीय’ काढून टाकला. वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल असे त्यांचे बारसे झाले. महाराष्ट्रातही आता ते कार्यमूल्यमापन अहवाल आहेत. लोक अजून सीआरच म्हणतात.

गुप्तता ही या घराण्याची मूळची रीत होती असेही म्हणता येणार नाही. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेनची सूतगिरणी होती. १८०० च्या सुमारास तिचा कारभार हाती आल्यावर त्याने प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगला. चार बाजू, चार रंग: काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बरा, पिवळा म्हणजे चांगला, पांढरा म्हणजे उत्तम. आदल्या दिवशीच्या कामाप्रमाणे मुकादम तो फिरवून ठेवायचा आणि रंगाची नोंद वहीत व्हायची. ओवेन गिरणीतून फेरी मारताना कोणाला काही बोलत नसे, नुसता ठोकळ्याकडे आणि मग माणसाकडे पाही. आपल्यावर अन्याय झाला असे वाटले तर कामगाराला थेट ओवेनकडे दाद मागता येत असे. त्या काळच्या गिरण्यांत मुकादमाचा पट्टा चालायचा, त्या मानाने ही सुधारणाच. पण काळी बाजू दिवसभर सगळ्या गिरणीसमोर लोंबकळत ठेवणेही काही साधे नाही. आमच्या गृहस्थांनी निदान अब्रू झाकली, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

सगळेच साहेब लिफाफ्यावर जगत नसत. एका जिल्हा कार्यालयात एक बाई अधिकारी होत्या. न्यायालयाने सांगण्याच्या कितीतरी आधी त्या प्रत्येकाला केबिनमध्ये बोलावून अहवाल वाचून दाखवत आणि मगच सही करत. नियमात तसे काही नव्हते. एका लिपिकाविषयी त्यांनी लिहिले, ‘उशिरा येतो. मात्र आल्यावर टेबलावरचे टपाल दुसऱ्या दिवसावर जाऊ देत नाही.’ लिपिक भडकला. ‘‘मॅडम, दुसरं वाक्य राहू द्या, पहिलं काढा.’’ बाई म्हणाल्या, ‘‘दोन्ही खरी आहेत ना? मग दोन्ही राहतील. तुम्हाला पटत नसेल तर वर लिहा.’’ त्याने खरोखर वर लिहिले, आणि बाईंनी ते स्वतःच्या सहीने पुढे पाठवले, वर शेरा मारून: ‘यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.’ लिपिक पुढे वेळेवर येऊ लागला का? नाही. येत होता तेव्हाच येत राहिला. पण कार्यालयातली माणसे त्या बाईंकडे भांडायला जात, हे मी इतर कोणत्याच केबिनच्या बाबतीत पाहिले नाही. बाकी ठिकाणी माणसे साहेबांच्या पाठीमागे भांडत.

आता सगळ्यांचाच अहवाल सगळ्यांना दिसतो, म्हणजे प्रत्येक साहेब त्या बाईंसारखा झाला असेल असे वाटेल. झाले उलटे. शेरा समोरच्याला दिसणार म्हटल्यावर साहेबांची जीभ गोड झाली. केंद्राच्या नमुन्यात १ ते १० गुण आहेत, ८ पासून पुढे अत्युत्कृष्ट, ६ ते ८ खूप चांगला, ४ ते ६ चांगला. १-२ किंवा ९-१० हे क्वचितच द्यावेत आणि दिले तर नेमके कशासाठी ते लिहावे, असे नमुन्यातच बजावलेले आहे. मात्र ज्या कार्यालयात ८.५ मिळाले म्हणून माणूस तोंड पाडून बसतो तिथे या सूचनेचे काय झाले असेल ते सांगायला नको. ‘‘साहेब, सगळ्यांना नऊच्या वर, मलाच आठ?’’ या प्रश्नाला उत्तर द्यायला वर्षभराच्या कामाच्या नोंदी हव्यात, समोर बसून खरे बोलायची तयारी हवी, आणि त्यानंतरही त्या माणसाकडून काम करून घेता आले पाहिजे. त्यापेक्षा ९.३ टाइप करणे सोपे. पूर्वी खुनशी साहेबाला लपायला लिफाफा होता. आता भित्र्या साहेबाला लपायला आकडा मिळाला.

‘‘तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो,’’ हा प्रकार तर दोन्ही युगांत चालू आहे. स्वतःचे शब्दचित्र स्वतःच काढायचे आणि साहेबाच्या तोंडी घालायचे. यात सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे आपली एक उणीव शोधणे. ती नसेल तर संशय येतो, खरी असेल तर नडते. म्हणून बरेच जण ‘कामात अति गुंतून प्रकृतीकडे दुर्लक्ष करतो’ ही उणीव पत्करतात.

गृहस्थांनी कपाट सोडले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. केंद्रात ते ‘स्पॅरो’ नावाच्या प्रणालीत राहतात, महाराष्ट्रात ‘महापार’मध्ये. लाख गेली, ओटीपी आला. ठरलेल्या तारखा आहेत: केंद्रात स्वमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत, प्रतिवेदन ३० जूनपर्यंत. किल्ली सांभाळणाऱ्या लिपिकाचा चहा बंद झाला आणि पासवर्ड विसरलेल्या साहेबांना लॉगिन करून देणाऱ्या संगणक चालकाचा सुरू झाला.

खासगी कंपन्यांत यांचे चुलत भाऊबंद आहेत, तिथे त्यांना अप्रेझल म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्शने २०-७०-१० चा नियम गाजवला, म्हणजे वरचे २० टक्के डोक्यावर घ्यायचे आणि खालच्या १० टक्क्यांना दार दाखवायचे. मायक्रोसॉफ्टने अशीच सक्तीची क्रमवारी बरीच वर्षे चालवून २०१३ मध्ये सोडली. हिंजवडीतल्या पोरांना ही ‘बेल कर्व्ह’ची भाषा तोंडपाठ आहे. त्या घराण्यावर लिहायचे तर वेगळा लेख हवा; माझा जीव सरकारी शाखेत जास्त रमतो, कारण तिथे नोकरी जायची भीती कमी आणि मानापमानाचे खेळ जास्त.

या गृहस्थांच्या अधिकाराचा शेवटचा झगमगाट पाहायचा असेल तर निवृत्त साहेबाच्या घरी जावे. केंद्राच्या नियमांत अशी तरतूद आहे की निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक महिन्याच्या आत हाताखालच्यांचे अहवाल लिहिता येतात. शाल, श्रीफळ, गहिवरलेली भाषणे सगळे ३१ तारखेला उरकलेले असते. एरवी दुसऱ्या दिवसापासून फोन थंडावायचे. पण या महिन्यात नाही. सकाळी फिरायला निघाले की कोणी ना कोणी सहज त्याच बागेत भेटतो. घरी पेढे येतात, वहिनींच्या गुडघ्यांसाठी वैद्याचा पत्ता येतो, नव्या फ्लॅटच्या नळजोडणीसाठी ‘आपला माणूस’ येतो. केंद्राच्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक साहेब मोठे धूर्त. हाताखालच्या सगळ्यांचे अहवाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवले होते, पण एकही पुढे पाठवला नाही. रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत टीपॉयवर ते पाकीट ठेवून बसायचे आणि आलेल्या माणसाला म्हणायचे, ‘‘तुमचंच राहिलंय बघा. या आठवड्यात बसतो.’’ तिसाव्या दिवशी नळाचे काम पुरे झाले, तेव्हा पाकीट गेले.